बदलीचं बटण

विजया घरत कुठलंही नवं ॲप पहिल्यांदा वापरायच्या ते उभ्याने, डाव्या हाताने आणि उजव्या हातात भाजीची पिशवी धरून. पिशवी खोटी नसे. सकाळी मार्केटातून येताना घेतलेला दुधी, मेथीची जुडी असं काहीबाही तिच्यात असायचंच. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे दृश्य पाहिलं. बाई घाईत असतील असं समजून मी आदबीने खुर्ची पुढे केली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हे ॲप कुणासाठी आहे, माहीत आहे का तुला?" मी म्हटलं, "घरोघरी दूध टाकणाऱ्यांसाठी." "मग दूध टाकणारा जिन्यात खुर्ची मांडून बसतो का?" एवढं बोलून त्या अंगठ्याने बटण शोधू लागल्या. बटण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होतं आणि अंगठा काही केल्या तिथे पोचेना. संध्याकाळपर्यंत ते बटण खाली आलं होतं.

मी तेव्हा एका बड्या कंपनीतली नोकरी सोडून आलो होतो. करंजाडेला फ्लॅट घेतला होता, जाण्यायेण्याचा वीट आला होता, आणि घराजवळ काम मिळतंय म्हणून शशांक सरांच्या या छोट्याशा कंपनीत शिरलो होतो. ऑफिस म्हणजे जुन्या पनवेलात फरसाणाच्या दुकानावरचा मजला. खालून शेव तळल्याचा वास यायचा आणि वर आम्ही आठ-दहा जण दुकानदार, दवाखाने, कारखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचो. माझ्या डोक्यात बऱ्यापैकी हवा होती. ती घरत बाईंनी काढली, आणि त्यासाठी त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

बाई पन्नाशीच्या. उरणकडच्या, चिरनेरच्या अलीकडच्या एका गावातल्या. वडील मिठागरावर होते. बाई इंजिनीयर झाल्या आणि पनवेलात स्थिरावल्या. त्यांच्या कार्डावर 'आर्किटेक्ट' असं छापलेलं होतं. म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणारी व्यक्ती. पण गावाकडचे लोक कार्ड बघून घराचा नकाशा काढून मागायचे. बाई कुणालाही नाही म्हणत नसत. त्यांच्या भावकीतली काही घरं खरोखरच बाईंच्या नकाशावर उभी आहेत, आणि त्यांतली स्वयंपाकघरं बघून बायका खूश असतात असं मी ऐकलंय. गिऱ्हाइकांशी त्या छान शहरी मराठी बोलायच्या, मध्ये मध्ये इंग्रजी पेरून. आनंद झाला किंवा डोकं फिरलं की मात्र गावची बोली उसळून वर यायची. बाईंच्या तोंडून "नाय" आलं की आम्ही सावरून बसायचो.

त्यांचं काम बघताना मी अक्षरशः आ वासून बसायचो. गिऱ्हाईक बोलत असताना बाई पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढत जायच्या. एकेक चौकोन म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक भाग. गिऱ्हाईक निघून गेलं की त्या कागदावर त्याने सांगितलेलं सगळं असायचंच, शिवाय त्याला सांगायचं सुचलं नव्हतं त्याच्यासाठीही एखादा चौकोन रिकामा ठेवलेला असायचा. मग काही महिन्यांनी त्याचा फोन यायचा, "अहो, एक सांगायचं राहिलंच." आम्ही तो रिकामा चौकोन भरायचो आणि बाकीच्या एकाही भागाला धक्का लागायचा नाही. हे बाईंना आधी कसं कळायचं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

नावांच्या बाबतीत त्या फार कडक. दुधाच्या ॲपमध्ये मी 'सबस्क्रिप्शन पॉज' असं काहीतरी लिहून ठेवलं होतं. बाईंनी ते खोडून कोडमध्येच 'खाडा' असं नाव घातलं. मी कुरकुरलो. त्या म्हणाल्या, "उद्या काही बिघडलं तर दूधवाला काय म्हणून फोन करेल? सबस्क्रिप्शन पॉज झालंय म्हणून? तो म्हणेल खाड्यात गडबड आहे. मग तुला तुझ्या कोडमध्ये खाडा सापडला पाहिजे." कोडमध्ये बदल केला की त्याखाली एक ओळ टीप लिहायची पद्धत असते. मी लिहायचो, अमुक बदललं, तमुक काढलं. बाई ती ओळ पुसायला लावायच्या. "काय केलंस ते कोड सांगतोच आहे. का केलंस ते तू लिही." आता मी स्वतः माझ्या हाताखालच्या मुलांना हे वाक्य ऐकवतो आणि ती मुलं माझ्यामागे माझी नक्कल करतात.

मग आमच्याकडे ती नवी साधनं आली. माहितीचे तक्ते दिले की ॲपचे पडदे आपोआप तयार करणारं एक, आणि साध्या भाषेत सांगितलं की कोड लिहून देणारं दुसरं. आम्हाला वाटलं, बाई नाक मुरडणार. झालं उलटंच. त्या दिवसभर जेवायचंही विसरल्या. आम्हाला जे करायला आठवडा लागायचा ते समोर उभं राहताना बघून लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. "आरं, हे लयच भारी हाय!" संध्याकाळी पिशवी उचलताना मात्र म्हणाल्या, "याला कसं बनवायचं ते खुशाल विचारा. काय बनवायचं ते नाही विचारायचं. ते जिथे काम चालतं तिथे जाऊन विचारायचं."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढचं काम तळोज्यातल्या एका रसायनांच्या कारखान्याचं होतं, आमच्या कंपनीने तोवर घेतलेलं सगळ्यांत मोठं. मागणी सरळ होती. वायू गळला किंवा आग लागली की सायरन वाजतो आणि सगळे कामगार गेटजवळच्या मैदानात जमतात. त्या वेळी आत कोण राहिलंय हे ताबडतोब कळलं पाहिजे. मी नव्या साधनाच्या मदतीने ते बघता बघता उभं केलं. कामगार आत येताना गेटवर कार्ड लावतो, त्यावर त्याची पगाराची हजेरी लागते. तीच माहिती मी उचलली. सायरन झाला की मुकादमाच्या टॅबवर आत असलेल्यांची नावं येतात. कामाचे कपडे घालताना कार्डं लॉकरमध्ये राहतात, म्हणून मुकादम नावं पुकारतो, माणूस ओ देतो, मुकादम खूण करतो. सगळ्या खुणा झाल्या की पडदा हिरवा होतो आणि मोठ्या अक्षरांत येतं, 'सर्व बाहेर'. शशांक सर बेहद्द खूश झाले. मीही माझ्यावर खूश होतो.

बाई मात्र रोज सकाळी तळोज्याला जाऊन गेटशेजारच्या चहाच्या टपरीवर बसू लागल्या. आठवड्याने येऊन मला विचारलं, "मंदार, या कारखान्यात काशिनाथ म्हात्रे किती आहेत?"

"एकच."

"सोमवारी त्या कार्डावर आला तो टकला हाय. गुरुवारच्याला चांगले कुरळे केस हाईत."

हळूहळू उलगडा झाला. आसपासच्या गावातले हे लोक एकमेकांचे भाऊबंद. कुणाच्या गावची जत्रा असते, कुणाच्या घरी हळद असते. मग तो दुसऱ्या पाळीतल्या भावाला आपलं कार्ड देतो आणि सांगतो, आज माझ्या जागी जा. पुढच्या वेळी हा त्याच्या जागी जातो. याला बदली म्हणतात. मुकादमाला माहीत, गेटवरच्याला माहीत, टपरीवाल्यालाही माहीत. मॅनेजर साहेबांना माहीत नव्हतं, किंवा माहीत नसणं त्यांच्या सोयीचं होतं. बाईंनी त्यांच्याकडे विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे बदली होत नाही. नियमात बसत नाही."

"नियमात बसत नाही हे मान्य आहे," बाई म्हणाल्या. "होत नाही, हे नाही." मग त्या नेहमीचं वाक्य बोलल्या, जे मी त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय: "साहेब, माणसं जे करणारच आहेत त्याला दार ठेवा. नाहीतर ती खिडकीतून जातील, आणि आपण मात्र दार बंद आहे म्हणून निवांत राहू."

साहेब हसले. बाईंनी मग एकच मागितलं. सायरनची रंगीत तालीम शेजारच्या गावच्या जत्रेच्या दिवशी घ्यायची. साहेबांचा माझ्या सॉफ्टवेअरवर पूर्ण विश्वास होता. त्यांनी लगेच होकार दिला.

तालमीच्या दिवशी मी, बाई आणि शशांक सर मैदानात उभे होतो. सायरन झाला. माणसं हसत-खिदळत बाहेर आली, कारण तालमीनंतर कॅन्टीनमध्ये बटाटवडे असतात. मुकादम नावं पुकारू लागला आणि ओ मागून ओ येत गेली. "काशिनाथ म्हात्रे!" मुकादमाने मान वर करून पुन्हा पुकारलं. मग मागून आवाज आला, "हाय, हाय!" मुकादमाने खूण केली. पुढची नावं झाली आणि पडदा हिरवा झाला. 'सर्व बाहेर.' साहेबांनी बाईंकडे वळून हात पसरले. "बघा मॅडम. झालं की नाही?"

तेवढ्यात टाक्यांच्या मधल्या रस्त्याने एक माणूस चालत येताना दिसला. कुरळे केस, कानांवर आवाज अडवणारे कानबंद, हात फडक्याला पुसत, सगळे गेले कुठे म्हणून इकडेतिकडे बघत. तो दत्ता होता, काशिनाथचा चुलतभाऊ, त्या दिवशी त्याच्या बदलीवर आलेला. कॉम्प्रेसरपाशी काम करत होता; सायरन त्याला ऐकूच गेला नव्हता. मैदानातली गर्दी बघून तो थांबला, कानबंद काढले आणि म्हणाला, "भोंगा झाला काय?"

ज्याने मागून ओ दिली होती तो पंढरी गर्दीतून पुढे आला. "मला वाटलं दत्ता हितंच हाय कुठंतरी," तो सांगू लागला. "सायबासमोर काशिनाथ म्हनून ओ द्यायला लाजत आसंल. काशिनाथदादाचा खाडा नको पडायला, म्हनून मीच दिली." त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. भावाच्या जागी भाऊ उभा राहतो, तसा तो भावाच्या नावासाठी उभा राहिला होता. आणि त्याच्या त्या आपुलकीने एक जिता माणूस आमच्या पडद्यावर बाहेर पडला होता, जो प्रत्यक्षात आत होता. खरा वायू सुटला असता तर त्याला शोधायला कुणी गेलंच नसतं.

बाईंकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना वाटलं होतं, फार तर नाव चुकीचं निघेल. अख्खा माणूस हरवेल हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं.

केबिनमध्ये साहेब भडकलेले. काशिनाथ, दत्ता, पंढरी, तिघांनाही कामावरून काढतो म्हणाले. बाई खुर्चीत न बसता म्हणाल्या, "काढा. मग आमचं सॉफ्टवेअरही काढा." शशांक सर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. हे काम गेलं असतं तर आमच्यातल्या निम्म्यांना दुसरीकडे बघावं लागलं असतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. "आज यांना शिक्षा झाली," बाई म्हणाल्या, "तर उद्यापासून इथला प्रत्येक माणूस या पडद्याशी खोटं बोलेल. आणि ज्या दिवशी खरंच वायू सुटेल त्या दिवशी तुम्ही तो पडदा बघून 'सर्व बाहेर' म्हणाल. असला पडदा मी देनार नाय, साहेब. तुमी कितीबी सांगा."

'नाय' आलं म्हणजे विषय संपला, हे साहेबांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण दत्ताला चालत येताना त्यांनीही पाहिलं होतं. शेवटी म्हणाले, "नियमात कसं बसवायचं ते मी बघतो. तुम्ही तुमचं करा."

परत येताना रिक्षात बाईंनी माझ्या सॉफ्टवेअरचा कागद मांडीवर घेतला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "पगाराचा काशिनाथ आणि जिवाचा दत्ता आपण एकाच चौकोनात कोंबले. हजेरी कुणाची लागते तो एक प्रश्न. आत्ता आत कोण आहे, तो दुसरा. दोघांना वेगळं कर." एवढंच. मी कंपन्यांच्या मोठमोठ्या प्रशिक्षणांत ऐकलं होतं की एका भागाने एकच काम करावं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ते वाक्य कुणाच्या तरी श्वासाशी बांधलेलं असू शकतं, हे मला त्या रिक्षात कळलं. आणि बाईंबद्दल मला जो आदर वाटला, तो त्यानंतर कधी कमी झाला नाही.

मग गेटवर एक बटण आलं. त्यावर एकच शब्द, 'बदली'. कार्ड काशिनाथचं का असेना, दत्ताने ते बटण दाबायचं, आपलं नाव निवडायचं आणि कॅमेऱ्यात बघायचं. सायरन झाला की मुकादमासमोर नावांऐवजी चेहरे येतात. समोर उभा असलेला माणूस बघून तो त्याचा चेहरा पुसतो. "नावाला कुणीही ओ देतो," बाई म्हणाल्या, "चेहऱ्याला ज्याचं त्यालाच यावं लागतं." बटण किती मोठं असावं यावर त्यांनी आम्हाला पार पिळून काढलं. आम्ही काम पोचवलं, पैसे मिळाले. पण कारखान्याच्या आतली माहिती बाहेर येत नसल्याने ते बटण कुणी दाबतंय का, की अजून एकमेकांच्या नावाने ओ देणं चाललंय, हे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. बाईंना ते सलत राहिलं. मध्येच विचारायच्या, "दाबत असतील का रे?" मी म्हणायचो, "दाबत असतील की."

पुढे बाईंचं दुखणं निघालं. ऑफिस सुटलं. केस गेले, अंगावर मांस राहिलं नाही. मी अधूनमधून भेटायला जायचो. एकदा सहज बोललो, उद्या तळोज्याला जायचंय, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायला. सोबत ऑफिसातला समीर येणार होता, पण त्याला ताप आहे. बाई उठून बसल्या. "मी येते त्याच्या जागी." मी नाही म्हणून बघितलं. त्यांच्यापुढे माझं कधी चाललंय?

गेटवर नवा रखवालदार होता, मिशाळ, गप्पिष्ट. पास पाहून म्हणाला, "हा पास समीरच्या नावाचा हाय. तुमी कोन, आजी?" बाई आजी दिसत होत्या खऱ्या. मी तोंड उघडलं, की अरे बाबा, हे ज्यांनी बनवलं त्याच या. पण बाईंनी माझं मनगट दाबलं. "मी त्याच्या जागी आलेय, दादा," त्या म्हणाल्या.

"मग बदली दाबा की. सोपं हाय. हितं."

बाईंनी बोट पुढे नेलं आणि थांबवलं. "दाबलं तर कुणी रागावणार नाही ना?"

"रागवायचं काय त्यात?" त्याला प्रश्नच कळला नाही. "आमी सगळेच दाबतो. सायबपन म्हनतात, दाबा." मग आजींना धीर द्यावा म्हणून तो सांगू लागला. गेल्या पावसाळ्यात पंपापाशी वायू गळला. भोंगा झाला, सगळे मैदानात आले. मुकादमाच्या टॅबवर एक चेहरा उरला. "बदलीवर आलेला पोऱ्या व्हता. बाकीच्यांना वाटत व्हतं, तो आज आलाच नाय. चेरा दिसला म्हनून दोघं मास्क लावून आत गेले. पंपाच्या मागं पडला व्हता. उचलून आनला. आता बरा हाय, परवा लगीन झालं त्याचं, मी जेवून आलो." त्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "म्हनून सांगतो, आजी, लाजायचं नाय. दाबा, नि हितं बघा."

कारखान्याने ही गोष्ट बाहेर कुठे बोलली नव्हती. आम्ही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. मी भलतीकडेच बघू लागलो. बाईंनी बटण दाबलं आणि डोक्यावरचा रुमाल नीट करून कॅमेऱ्यात पाहिलं. आत असलेल्या शेकडो चेहऱ्यांत त्यांचाही चेहरा उमटला.

"झालं. आता तुमी आत," रखवालदार म्हणाला.

त्यानंतर बाई फार दिवस नव्हत्या. घराबाहेर पडल्या त्या तेवढ्याच. त्या दिवशी गेटमधून आत जाण्याआधी त्या वळल्या आणि त्यांनी त्या माणसाला वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो बिचारा संकोचला. बटण शिकवलं म्हणून आजी एवढं करतायत, असं त्याला वाटलं.